सिस्टर, कॅमेऱ्यामागे तुम्हीच ना?

मंडळी, लंच अवरमध्ये मीटिंग रूमचं दार लावून डॉक्टरांना व्हिडिओ कॉल करणं आता आपल्याला काही नवीन राहिलेलं नाही. घसा दुखतोय, पाठ धरलीय, पिंपल्स आलेत... मोबाइल उघडा, डॉक्टर निवडा, पैसे भरा, की थोड्या वेळात प्रिस्क्रिप्शन हजर. ना ट्रॅफिक, ना वेटिंग रूममधली जुनी मासिकं. एकदम सही!

पण या झटपट मामल्यातून एक व्यक्ती गायब झालीय, हे तुमच्या लक्षात आलंय का? क्लिनिकमध्ये डॉक्टरांच्या आधी भेटायची ती. वजनकाट्यावर उभं करणारी, दंडाला बीपीचा पट्टा बांधणारी, ‘ताप कधीपासून?’ असं विचारता विचारता तुमचा चेहरा वाचणारी. सिस्टर! आपल्या कॉलमध्ये ती नसते. तिथे आपणच आपली सिस्टर असतो आणि खरं सांगायचं तर त्या कामात आपण अगदीच कच्चे असतो.

गंमत अशी, की देशातली सर्वांत मोठी सरकारी टेलिमेडिसिन सेवा मात्र बरीचशी तिच्याच जिवावर चालते. ई-संजीवनी हे नाव तुम्ही ऐकलं असेल. मोहालीच्या सी-डॅकने बनवलेली ही सेवा २०१९ मध्ये सुरू झाली. एप्रिल २०२० मध्ये, ऐन लॉकडाऊनमध्ये, घरबसल्या थेट डॉक्टरांशी बोलायची सोयही तिच्यात आली. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिने दहा कोटी सल्ल्यांचा टप्पा ओलांडला. यातले बहुतेक कॉल कुणाच्या सोफ्यावरून लागलेले नव्हते. ते लागले होते गावागावांतल्या आरोग्य केंद्रांतून. पेशंट खुर्चीत, डॉक्टर स्क्रीनवर आणि दोघांच्या मध्ये सिस्टर किंवा समुदाय आरोग्य अधिकारी. हे दुसरं पद आयुष्मान भारत योजनेतलं. नर्सिंग किंवा आयुर्वेदाची पदवी घेतलेल्यांना सामुदायिक आरोग्याचं खास प्रशिक्षण देऊन तिथे नेमलं जातं.

‘म्हणजे लॅपटॉप उघडून देणारी ना?’ आयटीतल्या एका मित्राचा प्रश्न. आपल्यापैकी बऱ्याच जणांचा समज असाच असतो. कॉल जोडायचा, कॅमेरा धरायचा, प्रिंट काढायची. संपलं काम.

त्याला मी माझ्या आत्याची गोष्ट सांगितली. आत्या सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. मागे मी तिला गावातल्या उपकेंद्रात घेऊन गेले होते. स्क्रीनवर डॉक्टर आले तशी आत्या पदर सावरून छान हसली. ‘काय नाय डॉक्टर, जरा पित्त झालंया. या पोरीनं उगं आणलं धरून.’ डॉक्टर जेवणाच्या वेळांबद्दल बोलू लागले. तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, ‘सर, एक मिनिट. मावशी, रात्री उशा किती घेता?’

मला वाटलं, हा काय प्रश्न!

‘आधी एक लागायची,’ आत्या म्हणाली, ‘आता तीन घेती. आडवं झालं की दम कोंडतो.’

सिस्टरांनी तिच्या नडगीवर अंगठा दाबून धरला आणि मग कॅमेरा खाली नेला. अंगठा काढल्यावरही पायावर खळगा तसाच. ‘सर, वजनही गेल्या खेपेपेक्षा तीन किलो जास्त आहे.’ डॉक्टरांचा सूर बदलला. त्याच दिवशी आत्याला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. हृदयाची पंप करायची ताकद कमी झाली होती आणि अंगात पाणी साठत होतं. आता गोळ्या चालू आहेत आणि अळणी आमटीवरून घरात रोज भांडण चालू आहे. म्हणजे तब्येत उत्तम!

आता सांगा, यात लॅपटॉपचा वाटा किती?

टेलिमेडिसिनने सिस्टरचं काम कमी केलं नाही, वाढवलं. स्क्रीनवरच्या डॉक्टरांना हात लावून बघता येत नाही, वास येत नाही, पेशंट दारातून चालत कसा आला तेही दिसत नाही. ते सगळं तिने टिपायचं आणि मोजक्या शब्दांत सांगायचं. त्यासाठी नर्सिंगमध्ये एक मस्त फंडा शिकवतात, एसबीएआर. आत्ता काय झालंय, मागचा इतिहास काय, मला काय वाटतंय आणि काय करायला हवं, या चार पायऱ्या. ही पद्धत मूळची अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांमधली. क्लायंट कॉलवर वीस स्लाइड्स दाखवूनही मुद्द्यावर न येणाऱ्या आपल्यासारख्यांनी शिकावी अशी!

वर बारीकसारीक कसबं आहेतच. श्वास मोजायचे ते पेशंटला न सांगता, कारण सांगितलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. बीपीचा पट्टा दंडाला लहान पडला तर आकडा उगाच जास्त येतो. बोट गार असेल किंवा नेलपॉलिश लावलेलं असेल तर ऑक्सिजनचा आकडा चुकू शकतो. आणि शेवटी डॉक्टर बोलून गेले, की ‘आता मला सांगा, गोळी कधी घ्यायची?’ असं पेशंटकडून वदवून घ्यायचं.

शहरांतल्या टेली-आयसीयूमध्ये तर आणखी वेगळी तऱ्हा. तिथली अनुभवी नर्स एका खोलीत बसून दुसऱ्या गावातल्या आयसीयूचे बेड स्क्रीनवर बघत असते. आकडे घसरू लागले की तिथल्या सिस्टरला सावध करायचं, पण सूर असा ठेवायचा की तिला मोठ्या जाऊबाई टपून बसल्यात असं वाटू नये. हे कौशल्य कुठल्या मशीनमध्ये येतं हो?

अभ्यासक्रमही बदलतोय. भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ मध्ये आणलेल्या बी.एस्सी. नर्सिंगच्या नव्या अभ्यासक्रमात आरोग्य माहिती-तंत्रज्ञान हा स्वतंत्र विषय आहे. नियम मात्र स्पष्ट आहेत. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार औषध लिहून द्यायचं ते डॉक्टरांनीच. सिस्टरची भूमिका मदतनिसाची. शिवाय कॉल तिने लावून दिला असेल, तर पेशंटची स्पष्ट संमती घेऊन तिची नोंदही ठेवावी लागते.

हे बरोबरच आहे. पण माझी तक्रार वेगळी आहे. दिवसभरात किती कॉल झाले हे कॉम्प्युटर चटकन सांगतो. उशांचा प्रश्न विचारला का, हे तो सांगत नाही. टार्गेटचं प्रेशर काय असतं ते आपल्याला कुणी सांगायला नको! आकडा गाठायचा म्हटलं की पहिली कात्री लागते ती न मोजल्या जाणाऱ्या कामाला. उद्या सिस्टरचं काम नुसत्या कॉलच्या संख्येवर जोखायला लागलो, तर ती खरंच लॅपटॉप उघडून देणारी होईल. आणि गावाकडचे आपले आई-बाबा, आत्या-काका ‘जरा पित्त झालंय’ म्हणत घरी परततील.

म्हणून मला वाटतं, व्हिडिओ कॉलमध्ये पेशंट तपासायला, त्याच्याशी दोन शब्द बोलायला सिस्टरला वेळ हवा. तिचं निरीक्षण तिच्या नावानिशी कागदावर हवं. आणि ‘सर, एक मिनिट’ म्हणायचा तिचा हक्क डॉक्टरांनीही मानायला हवा.

आणि आपण? पुढच्या वेळी कॉल लावण्याआधी स्वतःची सिस्टर व्हा. पाच मिनिटं शांत बसा. बीपी बघायचं असेल तर पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला आणि तोंड बंद! खिडकी पाठीमागे नको, समोर हवी, म्हणजे चेहरा दिसेल. चालू गोळ्यांची पानं हाताशी ठेवा. त्रास कधी सुरू झाला ते आधी लिहून काढा. आणि छातीत दुखतंय, अचानक दम लागलाय, तोंड वाकडं झालंय असं असेल तर कॉल-बिल विसरा. सरळ १०८ फिरवा.

आणखी एक. रविवारी घरी फोन कराल तेव्हा ‘डॉक्टर काय म्हणाले?’ हे तर विचाराच. सोबत ‘सिस्टर कोण होत्या? त्यांनी काय काय विचारलं?’ हेही विचारा. त्या उत्तरातून तब्येतीची निम्मी खबर मिळेल. आणि नाव कळलं, तर पुढच्या खेपेला नावाने थँक्यू म्हणा. त्याला काही चार्ज पडत नाही!