समुद्राच्या घरी पाहुणे होऊन जाताना



घरातले कुणी केंद्र सरकारच्या नोकरीत असेल, तर चार वर्षांतून एकदा भारतात कुठेही जाण्यासाठी प्रवास सवलत मिळते. ज्यांना ती नाही ते बोनसचे किंवा भिशीचे पैसे बाजूला ठेवून मुलांना कुठेतरी नेतात. आता मुलांची मागणी बदलली आहे. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान लक्षद्वीपला जाऊन आले, त्यांची छायाचित्रे सगळीकडे झळकली आणि तेव्हापासून "बेटावर जाऊ, पाण्याखालचे मासे पाहू" हा हट्ट घराघरांत ऐकू येतो. हट्ट वाईट नाही. कष्टकऱ्याच्या मुलानेही पाण्याखालचे जग पाहावे. पण जाण्याआधी आईवडिलांनी काही गोष्टी समजून घ्याव्यात. समुद्रात माणूस पाहुणा असतो आणि पाहुण्याला घराची रीत ठाऊक असावी लागते.

बेट म्हणजे काय?

लक्षद्वीप हा आपल्या देशाचा सर्वांत लहान केंद्रशासित प्रदेश. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो स्थापन झाला आणि १९७३ साली त्याला आजचे नाव मिळाले. केरळच्या किनाऱ्यापासून २०० ते ४४० किलोमीटर अंतरावर ही ३६ बेटे विखुरलेली आहेत. वस्ती फक्त १० बेटांवर. सगळ्यांची जमीन एकत्र केली तरी ३२ चौरस किलोमीटर भरते. बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान याच्या तिप्पट मोठे आहे. २०११ च्या जनगणनेत येथे ६४,४७३ माणसे होती.

कोचीहून जहाजाने बेटाप्रमाणे १४ ते २० तास लागतात. अगत्ती बेटावर लहान विमानतळ आहे. बाहेरच्या माणसाला प्रवेश परवाना आधी काढावा लागतो. जाण्याचा काळ ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंतचा. पावसाळ्यात दर्या खवळलेला असतो, तेव्हा हौसेचे काम नाही.

या बेटांवर डोंगर नाही, नदी नाही. बरीचशी जमीन समुद्रापेक्षा एक-दोन मीटरच उंच आहे. मग ती भर समुद्रात टिकली कशी? प्रवाळामुळे, म्हणजे पोवळ्यांमुळे. प्रवाळ दगडासारखे दिसते, पण ते बारीक जीवांनी बांधलेले घर आहे. हे जीव पाण्यातला चुना घेऊन स्वतःभोवती कवच करतात. ते मेले की कवच उरते, त्यावर पुढची पिढी घर करते. फार पूर्वीचे ज्वालामुखी हळूहळू समुद्रात बुडत गेले आणि त्यांच्या कडेने प्रवाळ वर वर वाढत राहिले, असे चार्ल्स डार्विनने १८४२ साली मांडले. आज बेटाच्या बाहेर जी प्रवाळाची भिंत दिसते ती मोठ्या लाटा अंगावर घेते. भिंतीच्या आत लगून, म्हणजे उथळ, शांत, निळसर-हिरवे पाणी. भिंत पडली तर लाट थेट अंगणात येईल.

पिण्याच्या पाण्याची गोष्टही अशीच. पावसाचे पाणी वाळूत मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगून राहते, कारण गोडे पाणी हलके असते. विहिरीत लागतो तो हा पातळ थर. जास्त उपसा केला की खालचे खारे पाणी वर येते. म्हणून कवरत्ती बेटावर २००५ साली राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने समुद्राच्या पाण्यापासून रोज एक लाख लिटर गोडे पाणी करण्याचा प्रकल्प उभारला. चाळीतल्या नळावर पहाटे रांग लावलेल्यांना पाण्याची किंमत सांगायला नको. तेथे एका बादलीत आंघोळ उरकावी.

खर्च झेपेल तेवढेच

पाणबुड्यांचा पोशाख आणि पाठीवर टाकी घेऊन खोल जाणे याला स्कूबा म्हणतात. त्याला पैसे बरेच पडतात. पण प्रवाळ पाहायला खोल जावेच लागते असे नाही. लगूनमध्ये कमरेएवढ्या, पुरुषभर पाण्यातही प्रवाळ आणि मासे दिसतात. त्यासाठी स्नॉर्केल पुरते. डोळे-नाक झाकणारा काचेचा मास्क, तोंडात धरायची नळी आणि पायात रबरी फिन्स. पाण्यावर पालथे तरंगायचे, नळीतून तोंडाने श्वास घ्यायचा आणि खाली पाहत राहायचे. चौघांच्या कुटुंबाने एकाच्या स्कूबावर पैसे घालण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून स्नॉर्केल करावे, असे मी म्हणेन.

काय दिसते? समुद्रफुलाच्या विषारी बोटांत निर्धास्त राहणारा नारिंगी-पांढरा मासा दिसतो. समुद्री गवत चरणारी हिरवी कासवे दिसतात. पोपटासारखी चोच असलेला पोपटमासा दिसतो. तो चोचीने प्रवाळावरचे शेवाळ खरवडून खातो, त्याबरोबर चुनाही पोटात जातो आणि बारीक वाळू होऊन बाहेर पडतो. किनाऱ्यावरच्या पांढऱ्याशुभ्र वाळूचा मोठा हिस्सा या माशाच्या पोटातून आलेला असतो. मुलांना हे सांगा. ती हसतील आणि विसरणार नाहीत.

तयारी मात्र घरूनच हवी. जाण्याआधी दोन-तीन महिने महापालिकेच्या तलावात मुलांना आणि स्वतःलाही तरंगायला शिकवा. आईनेही शिकावे. "मी काठावर बसते, तुम्ही जा" असे म्हणत आपल्या कितीतरी भगिनी सहलीभर चपला आणि पिशव्या सांभाळत बसतात. साडी किंवा ओढणी घेऊन पाण्यात उतरू नये, ओला पदर पायांत गुंततो. पूर्ण बाह्यांचा अंगासरशी सदरा आणि लेगिंग्ज घालावी. त्याने उन्हापासून बचाव होतो आणि अंगाला मलमेही फार चोपडावी लागत नाहीत. ती पाण्यात उतरून प्रवाळाला बाधतात.

पाण्यात एकट्याने कधी जाऊ नये. पोहता येत असले तरी लाइफ जॅकेट घालावे. प्रवाळाच्या भिंतीत जेथे खिंड असते तेथे ओहोटीचे पाणी जोराने बाहेर ओढले जाते, म्हणून स्थानिक माणूस सांगेल त्या हद्दीतच राहावे. आणि कशालाही हात लावू नये. दगडासारखा निपचित पडलेला स्टोनफिश, पिसारा फुलवलेला लायनफिश यांचे काटे विषारी असतात. नक्षीदार शंकूसारख्या काही शिंपल्यांतला जीव असा दंश करतो की माणूस दगावू शकतो.

स्कूबा करायचीच असेल तर

फ्रान्समध्ये १९४३ साली झाक-ईव्ह कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी पाण्याखाली हवी तेवढीच हवा पुरवणारे यंत्र तयार केले. तेव्हापासून सामान्य माणसाला पाण्याखाली श्वास घेणे शक्य झाले. पण शरीराचे नियम बदलले नाहीत. ते तीनच आहेत, मुलांकडून पाठ करून घ्या.

पहिला नियम, श्वास कोंडू नका. जमिनीवर जेवढा हवेचा दाब असतो, त्याच्या दुप्पट दाब दहा मीटर खोलीवर असतो. तेथे छातीत भरून घेतलेली हवा वर येता येता दुप्पट फुगते. श्वास कोंडून वर आलात तर फुप्फुस फुग्यासारखे फाटू शकते. म्हणून श्वास सतत चालू ठेवायचा आणि सावकाश वर यायचे.

दुसरा नियम, कान सांभाळा. खाली जाताना दर मीटरला नाक चिमटीत धरून हलकेच हवा सोडायची. तरी दुखले तर थांबायचे, थोडे वर यायचे. पैसे भरले आहेत म्हणून दुखणे सोसायचे नाही. सर्दी झालेली असेल त्या दिवशी बुडीच मारू नये. दमा, हृदयविकार, कानाचे जुने दुखणे, फिट येणे यांपैकी काही असेल किंवा बाई गरोदर असेल तर ते लपवू नये. फॉर्मवर खरे लिहावे. दहा वर्षांखालच्या मुलाला स्कूबा नको.

तिसरा नियम, पाण्यातून निघून लगेच विमानात बसू नका. दाबाखाली श्वास घेतला की हवेतला नायट्रोजन रक्तात विरघळतो. सोडावॉटरची बाटली एकदम उघडली की जसे बुडबुडे फसफसतात, तसे ते रक्तात होऊ नयेत म्हणून शेवटच्या बुडीनंतर १८ तास तरी जाऊ द्यावेत. अगत्तीहून विमानाने परतणाऱ्यांनी शेवटचा दिवस वाळूवर घालवावा.

एवढ्या लांब जाणे जमत नसेल तर मालवण-तारकर्लीलाही स्कूबा आणि स्नॉर्केलची सोय आहे. नियम तेथेही हेच.

एका वेळी एक मासा

आता मासेमारीविषयी. लक्षद्वीपच्या कोळ्यांची रीत पाहण्यासारखी आहे. मिनिकॉय बेटावर ती फार जुनी. १९६० नंतरच्या वर्षांत यांत्रिक होड्यांबरोबर ती इतर बेटांवर पसरली. आधी लगूनमध्ये बारीक मासळी पकडतात आणि होडीतल्या हौदात जिवंत ठेवतात. मग बाहेर खोल समुद्रात कुप्याचा, म्हणजे ट्यूनाचा थवा हेरतात. जिवंत मासळी त्यात फेकतात, वरून पाणी शिंपडतात. थव्याला वाटते की खाणे उसळते आहे. मग होडीच्या कडेला ओळीने उभे राहून काठीला बांधलेले गळ टाकतात. गळाला उलटा काटा नसतो. कुपा लागला की हिसडा देऊन डोक्यावरून मागे टाकायचा, तो आपोआप सुटून होडीत पडतो, गळ पुन्हा पाण्यात. एका गळाला एका वेळी एकच मासा. जाळे नसल्याने कासवे किंवा डॉल्फिन फुकट मरत नाहीत. हाच कुपा उकडून, धूर देऊन, वाळवून लाकडासारखा कडक करतात. त्याला मास म्हणतात. तो महिनोन्महिने टिकतो आणि बाहेर विकला जातो.

यातली साखळी ध्यानात घ्या. आमिषाची बारीक मासळी प्रवाळाच्या आसऱ्याने राहते. प्रवाळ मेले की ती मासळी गेली. ती गेली की गळाला कुपा नाही. कुपा नाही तर कोळ्याच्या घरात भाकरी नाही.

आणि प्रवाळ मरते आहे. समुद्राचे पाणी नेहमीपेक्षा जास्त तापले की प्रवाळात राहून त्याला अन्न आणि रंग देणारे सूक्ष्म शेवाळ बाहेर फेकले जाते. प्रवाळ पांढरे पडते. उष्णता लवकर ओसरली तर सावरते, नाहीतर मरते. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ साली असे मोठ्या प्रमाणावर झाले, २०२४ मध्ये पुन्हा झाले. अगत्ती, कदमत आणि कवरत्ती येथे शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे मोजणी केली. १९९८ ते २०२२ या २४ वर्षांत जिवंत प्रवाळ जवळपास निम्म्यावर आले. समुद्र तापवण्यात त्या बेटावरच्या कोळ्याचा वाटा नगण्य आहे. धूर दुसऱ्यांचा आणि भोगणे याच्या वाट्याला.

पाहुण्याच्या हाती काय आहे? प्रवाळावर उभे राहू नये; एका पावलाखाली कित्येक वर्षांची वाढ मोडते. हौसेने गळ टाकायचा तर तिथल्या कोळ्याबरोबर जावे आणि लहान मासा परत सोडावा. जेवताना कुपा मागावा. प्रवाळावरचे पोपटमासे आणि मोठे मासे ताटात मागू नयेत. पोपटमासा उठला तर प्रवाळावर शेवाळ माजते. आठवण म्हणून प्रवाळाचा तुकडा, मेलेला का असेना, आणू नये. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार तो गुन्हा आहे आणि त्याला किमान तीन वर्षे तुरुंगवासाची शिक्षा आहे. नोकरदार माणसाने एका तुकड्यासाठी आपली नोकरी पणाला लावू नये. प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि बाटल्या आपल्या सामानातून परत आणाव्यात. एवढ्याशा बेटावर कचरा टाकायला जागा कुठून येणार?

माणसांचेही घर आहे

शेवटी तिथल्या माणसांविषयी. बेटांवरचे लोक बहुतेक सगळे मुसलमान आहेत, अनुसूचित जमातींत मोडतात. मिनिकॉयला महल भाषा, इतर बेटांवर मलयाळमची एक बोली. परंपरेने येथे घराणे आईकडून चालते, घराचा वारसा आईच्या बाजूने जातो. २०११ च्या जनगणनेत साक्षरता सुमारे ९२ टक्के होती. अशा शिकल्या-सवरल्या, कष्टाळू लोकांच्या गावातून जाताना अंगभर कपडे घालावेत. वस्तीच्या बेटांवर दारूबंदी आहे, ती पाळावी. विचारल्याशिवाय बायामुलांचे फोटो काढू नयेत. कुणी आपल्या दारात उभे राहून आपल्याला बघण्याची वस्तू करावी, हे आपल्याला आवडत नाही. मग आपणही ते करू नये.

मुलांना एक वही घेऊन द्या. रोज संध्याकाळी त्यांनी पाहिलेल्या माशांची चित्रे काढावीत, कोळीदादांना नावे विचारून लिहावीत. शाळा उघडल्यावर ती वही वर्गात दाखवता येईल, आणि ज्या मुलांना जाता आले नाही त्यांनाही बेट दिसेल.

आपला प्रवास सुखाचा होवो.