बघायलाच हवीत अशी दहा ठिकाणं, आणि एक माफीनामा

शुक्रवारी दुपारी चारच्या सुमारास आमच्या टीमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. "पावसाळ्यात महाराष्ट्रात बघायलाच हवीत अशी १० ठिकाणं. आयुष्यात एकदा तरी!!" खाली लगेच अंगठे, छत्र्या, "मी आहे", "गाडी कोणाची?" वगैरे सुरू. मी नेहमीप्रमाणे न वाचताच पुढे सरकणार होतो, पण सातव्या नंबरवर अडखळलो. वाक्य ओळखीचं वाटलं. परत वाचलं. आणि मग ट्यूब पेटली. ही यादी मीच लिहिलेली आहे!

२००८ सालची, ह्याच ब्लॉगवरची. माझं नाव कधीच गळून पडलंय, मध्ये कोणीतरी दोन-तीन ठिकाणं बदललीत, शुद्धलेखनाची पार वाट लागलीय. पण सातवं ठिकाण आणि त्यापुढचं "इथे अजून गर्दी पोचलेली नाही, लवकर जाऊन या" हे वाक्य शंभर टक्के माझं.

त्या ठिकाणाचं नाव आज लिहीत नाही. एकदा लिहून काय झालं, तेच सांगायला बसलोय.

कोकणात उतरणाऱ्या एका घाटाच्या पोटात एक वाडी आहे आणि वाडीच्या मागे धबधबा. तेव्हा आम्ही तिघं दोन बाइकवरून गेलो होतो. रस्ता विचारला तर एका मावशींनी स्वतःचा पोरगा बरोबर दिला. परत आल्यावर पिठलं-भाकरी घातली आणि पैसे घ्यायला बराच वेळ नाही म्हणत राहिल्या. घरी येऊन मी भारावून पोस्ट टाकली. दोनशे कॉमेंट्स आल्या. छाती फुगली.

गेल्या वर्षी जुलैत परत गेलो. वाडीच्या दोन किलोमीटर आधीच गाड्यांची रांग. खाचराच्या बांधावर चारचाकी चढवून ठेवलेल्या, बांध फुटून पाणी भलतीकडे चाललेलं. मावशींनी ओळखलं. लावणी चालू होती आणि त्यांच्या एका पायाला फडकं बांधलेलं होतं. चिखलात बाटलीची काच लागली होती. मी काहीतरी पुटपुटलो तर म्हणाल्या, "तुम्ही आलावता तवा तिघं होता, हितं बसून जेवला. आता येत्यात ते जेवान पुण्यावरनं आणत्यात. काचा तेवढ्या हितं ठेवत्यात."

त्यांना त्या पोस्टबद्दल माहीत नाही. मी सांगितलंही नाही. तेवढी हिंमत झाली नाही.

तर आजची पोस्ट ही माझ्याच यादीविरुद्ध आहे. आणि तशा सगळ्याच याद्यांविरुद्ध.

आपल्या भाषेत सांगायचं तर "टॉप टेन" यादी म्हणजे लोड बॅलन्सर नसलेली सिस्टीम. लाख लोकांची रिक्वेस्ट दहा सर्व्हरवर, तीही एकाच वेळी. कारण आपल्याला सुट्टी शनिवार-रविवार, पावसाळ्यातले धड वीकएंड दहा-बारा, आणि सगळ्यांकडे यादी तीच. हरिहर गडाचा व्हिडिओ पाहिला असेल तुम्ही. कातळात कोरलेल्या त्या जवळपास उभ्या पायऱ्या, हात अडकवायला खोबण्या, आणि रुंदी जेमतेम एका माणसाची. वर जाणारे आणि खाली येणारे समोरासमोर आले की काय होतं? डेडलॉक. फरक इतकाच की इथे प्रोसेस किल करून मोकळं होता येत नाही.

हे थट्टेवारी नेण्यासारखं नाही, म्हणून दोन तारखा सांगतो. ३० जून २०२४, लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५, तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल लोकांच्या भाराने कोसळला आणि चार जण गेले. पूल धोकादायक आहे हे आधीपासून माहीत होतं. आता कॅलेंडर उघडून बघा. दोन्ही दिवस रविवार.

"लोकांना अक्कल नाही" असं म्हणून हात झटकणं सोपं आहे. पण धबधब्याचं पाणी कसं वाढतं हे शहरातल्या माणसाला कोणी सांगितलेलं असतं का? तुम्ही उभे असता तिथे लख्ख ऊन असतं आणि वर डोंगरमाथ्यावर तासाभरापूर्वी ढग रिकामा झालेला असतो. आधी पाणी गढूळ होतं, काटक्या-पालापाचोळा वाहून यायला लागतो, आवाज बदलतो, आणि पुढच्या काही मिनिटांत घोट्याएवढं पाणी कमरेला लागतं. वाडीतलं शाळकरी पोर हे ओळखतं. यादीत हे नसतं. यादीत फोटो असतो, आणि तो मागच्या वर्षीच्या चांगल्या दिवशी काढलेला असतो.

माझ्या यादीत तरी काय होतं? पुण्याहून अंतर, पेट्रोल पंप कुठे, मिसळ कुठे. धबधब्याखाली किती माणसं उभी राहू शकतात, गाड्या कुठे लावायच्या, पाणी वाढलं तर कुठल्या बाजूने बाहेर पडायचं, ह्यातलं एक अक्षर नाही. एरर हँडलिंग शून्य. असा कोड कोणी रिव्ह्यूला पाठवला असता तर मी त्याची सालटी काढली असती.

गंमत म्हणजे, ज्या राज्याला एका यादीत कोंबायचं चाललंय ते राज्य यादीत मावणारं नाहीच. सातशे किलोमीटरहून जास्त किनारा, त्याला समांतर उभा सह्याद्री, त्यापलीकडे पठार, आणि थेट पूर्वेला ताडोबाचं सागाचं जंगल. ह्या प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं आहे. पावसाळ्यात सिंधुदुर्ग आणि जंजिऱ्याला जाणाऱ्या होड्या बंद असतात. ताडोबाचा गाभाही बंद असतो. अजिंठा सोमवारी बंद आणि वेरूळ मंगळवारी. लाँग वीकएंडला जोडून सोमवारची रजा काढून अजिंठ्याच्या दारातून परत आलेले किमान तीन सहकारी मला माहीत आहेत. :)

कासचं घ्या. ते "फुलांचं गालिचा-पठार" नसून जांभ्याचा सडा आहे. खडकावर इंचभर माती, आणि त्यात ऑगस्टअखेरपासून काही आठवडे उगवून, फुलून, बी धरून संपून जाणारी इवली रोपं. फोटोसाठी त्यात बसकण मारली की पुढच्या वर्षीचं बी तिथल्या तिथे संपलं. २०१२ मध्ये पश्चिम घाट युनेस्कोच्या यादीत गेला, त्यात कासही आहे. त्याच सुमारास तिथे गर्दीने कहर केला होता.

सांदण दरी तर ह्या फॉरवर्डमध्ये चक्क "पावसाळी" ठिकाणांत घातलीय! (ही भर माझी नाही, शपथेवर सांगतो.) साम्रदची सांदण म्हणजे जमिनीला पडलेली अरुंद भेग. आजूबाजूचं पाणी त्या भेगेतूनच खाली जातं. हिवाळ्यात कोरड्या दगडांवरून उतरायची ती जागा आहे. जुलैत तिथे उतरायचं म्हणजे नळाच्या पाइपात जाऊन बसायचं. नुसता महिना चुकला तर माणूस मरू शकतो, आणि यादीत महिन्याला रकानाच नाही.

कोकणातली कातळशिल्पं घ्या. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर हत्ती, मासे, माणसं, काही न उलगडणाऱ्या भौमितिक आकृत्या, हजारो वर्षांपूर्वी जांभ्यात कोरलेल्या. कशेळीचा हत्ती एका बाजूने पंधरा मीटरच्या वर भरतो. ही सापडली कशी, तर रत्नागिरीच्या काही हौशी मंडळींनी गावोगाव हिंडून गुराख्यांना, म्हाताऱ्यांना विचारलं. गावाला बरंच माहीत होतं, कोणी विचारलं नव्हतं इतकंच. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. पण २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू होऊन आंदोलन पेटलं, तेव्हा कुठे आमच्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांना तिथे असं काही आहे हे कळलं. तोपर्यंत सडा म्हणजे पडीक. म्हणजे यादीत असलेली जागा पायाखाली मरते, आणि यादीत नसलेली जागा कोणाच्या खिजगणतीतही नसते. दोन्हीकडून नुकसानच.

आता मला येणारे दोन प्रतिसाद आत्ताच दिसतायत.

पहिला जुन्या ट्रेकर मंडळींचा. "बरोबर! ह्या गर्दीने सह्याद्रीची वाट लावली. आमच्या वेळी..." माफ करा, पण मी तुमच्या बाजूने नाही. माझ्या टीममधला एक मुलगा लातूरकडचा आहे. त्याने समुद्र पहिल्यांदा पाहिला तो बावीसाव्या वर्षी, पहिल्या पगारानंतर, हरिहरेश्वरला, अशाच एका यादीवरून. त्याने जाऊ नये असं म्हणणारे आपण कोण? गड काही आपल्या ग्रुपच्या नावावर नाहीत. शिवाय आम्ही "अनवट" म्हणून मिरवत लिहिलेल्या पोस्टच तर ह्या फॉरवर्डच्या खापरपणज्या आहेत.

दुसरा प्रतिसाद: "प्रशासनाने बंदी घालावी." दर पावसाळ्यात घालतातच की. मनाई आदेश निघतो, नाक्यावर पोलीस उभे राहतात, लोक शेतातून वळसा घालून जातात, आणि वाडीत भजी-चहा विकून दोन पैसे मिळवणाऱ्या बाईचा तेवढा हंगाम बुडतो. बंदी म्हणजे सर्व्हरवर लोड आला म्हणून प्लग काढणं. अपघात झाल्यावर आठ-पंधरा दिवस ठीक आहे. त्याला व्यवस्था म्हणत नाहीत.

व्यवस्था करता येते, आणि तीही आपल्याच राज्यात झालेली आहे. कासला दिवसाला किती लोक ह्यावर मर्यादा आली, शुल्क आलं, ऑनलाइन बुकिंग आलं, आजूबाजूच्या गावांची समिती आली. कुरकुर भरपूर झाली, पण फुलं आहेत. त्याहून चांगलं उदाहरण वेळासचं. मंडणगड तालुक्यातलं किनाऱ्यावरचं छोटं गाव. पूर्वी ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी माणसं नि कोल्हे-कुत्री पळवायची. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन अंडी कुंपणात सुरक्षित ठेवायला सुरुवात केली, २००६ मध्ये कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे गावातल्याच घरांत राहतात, तिथेच जेवतात. पैसा घराघरात जातो, म्हणून कासव वाचवणं ही गावाचीच गरज झाली.

आणि वेळासला कोणीही गॅरंटी देत नाही. पिल्लं बाहेर आली तर आली. आली नाहीत तर तुम्ही दोन दिवस गावात राहता, समुद्र बघता, उकडीचे मोदक खाता आणि परत येता. आपल्या "आयुष्यात एकदा तरी" वाल्या डोक्याला हे झेपत नाही. आपल्याला टिकेट क्लोज करायचं असतं. गड बघितला, डन. धबधबा, डन. जिरा बोर्डासारखं पुढचं कार्ड ओढायचं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. जिथे वाट अरुंद, माती पातळ किंवा पाणी बेभरवशाचं आहे, तिथे रोजच्या माणसांचा आकडा ठरलाच पाहिजे, आणि फीचे पैसे त्या गावाच्या समितीकडेच गेले पाहिजेत. हे सरकारचं काम आहे आणि ते मागायला आपण लाजायचं कारण नाही. सिनेमाच्या थिएटरला सीट नंबर चालतो, तर हरिहरच्या पायऱ्यांना का नाही?

उरलेलं काम आपलं. "कुठे जायचं?" हा प्रश्न शेवटी विचारा. आधी विचारा "कधी?" आणि "कोणाकडे?" ह्या दोनांची उत्तरं नसतील तर ते ठिकाण तुमच्यासाठी अजून तयार नाही, किंवा तुम्ही त्याच्यासाठी. गावात जेवा. वाटाड्या घ्या, वाट माहीत असली तरी घ्या. आणि एक रजा टाका हो! डिसेंबरअखेर किती रजा वाया जातात तुमच्या? मंगळवारी गेलात तर तोच डोंगर अर्ध्या गर्दीत मिळतो. (वेरूळ सोडून.)

असो. ग्रुपवर मी लिहिलं, "ही यादी माझी आहे. सात नंबरला जाऊ नका, सांदणला तर आत्ता अजिबात नाही." आधी सगळे हसले. मग तो लातूरवाला म्हणाला, "सर, मग कुठे जायचं ते तरी सांगा." मी म्हटलं, आधी रजा कधी आहे ते सांग.

२००८ ची ती पोस्ट काढून टाकणार होतो, पण फॉरवर्ड काही काढता येत नाही. म्हणून तिच्या डोक्यावर ह्या पोस्टची लिंक चिकटवलीय. मावशींकडे भात कापून झाल्यावर जातोय, दिवाळीनंतर, एका बुधवारी, आणि ह्या खेपेला ती २००८ ची गोष्ट सांगून टाकणार आहे. पिठलं मिळेल की शिव्या, ते आल्यावर कळवतो. तोपर्यंत तुमच्या शिव्यांसाठी कॉमेंट्स उघड्या आहेत.