एक लाख अठरा हजार

ओडोमीटरवरचा आकडा बघून चाचा हसले. "एक लाख अठरा हजार. घाबरू नको बेटा, एवढ्यात तर माझी ८०० वयातसुद्धा आली नव्हती."

गाडी म्हणजे पांढरी पोलो जीटी टीएसआय, मॉडेल २०१४, पासिंग एमएच-२४. स्थळ : लातूर, अंबाजोगाई रोड. विकणारे सर कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवतात (लातुरात दुसरं कोण भेटणार?). मागणी तीन लाख नव्वद हजारांची. आणि बघायला आलेली मी : फ्रीलान्सर, सॅलरी स्लिप नाही, म्हणून लोन नाही, म्हणून जे काय आहे ते चार वर्षं साठवलेल्या एफडीत. पुण्यातले माझे बॅचमेट ईएमआयवर नव्याकोऱ्या एसयूव्ही घेतात आणि इन्स्टावर नारळ फोडतात. मला आठवड्यातून दोनदा नांदेड-लातूर करायचंय. आणि खरं सांगू? मला बोअरिंग गाडी नकोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : ही पोलो आपल्या चाकणचीच लेक. तिचं जीटी टीएसआय व्हर्जन २०१३ मध्ये आलं. १.२ लीटरचं छोटंसं टर्बो इंजिन, १०५ पीएस ताकद आणि सात गिअरचा ऑटोमॅटिक डीएसजी गिअरबॉक्स. २०२० मध्ये हे इंजिन जाऊन १.० लीटरचं आलं आणि २०२२ मध्ये पोलोच बंद झाली. तेव्हापासून जुन्या जीटीच्या मागे पोरं वेड्यासारखी लागलीयेत. सरांनी गाडी काढली, अहमदपूरच्या दिशेला चौपदरी रस्त्यावर मी पाय दाबला आणि सीटनं मला मागे खेचून घेतलं. बस्स, तिथंच मी विकली गेले. गाडी विकली जायची बाकी होती.

चाचा मात्र देगलूर नाक्यावर गॅरेज चालवत म्हातारे झालेत. पायाखालची मजा त्यांना नको होती, त्यांना गिअरबॉक्सचा इतिहास हवा होता.

या डीएसजीमध्ये दोन क्लच असतात. एक विषम गिअर सांभाळतो, दुसरा सम. म्हणून गिअर कधी बदलला ते कळतही नाही. पण सात गिअरवाल्या या प्रकारात क्लच कोरडे असतात, थंड ठेवायला तेल नाही. बंपर टू बंपर ट्रॅफिकमध्ये गाडी इंचाइंचानं सरकते तेव्हा क्लच अर्धवट घासत राहतो आणि तापतो. हे सगळं चालवणारा जो मेंदू, मेकॅट्रॉनिक, त्याचंही दुखणं जगजाहीर आहे. चीनमध्ये मार्च २०१३ मध्ये कंपनीनं याच गिअरबॉक्ससाठी ३ लाख ८४ हजार गाड्या परत बोलावल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जगभरातल्या साधारण १६ लाख गाड्यांमधलं सिंथेटिक ऑइल काढून मिनरल ऑइल भरायचा निर्णय झाला. उष्ण, दमट हवा आणि रखडतं ट्रॅफिक, तक्रारी जास्त तिथल्याच. आता मराठवाड्यातला मे महिना डोळ्यांसमोर आणा.

म्हणूनच चाचांचा पहिला प्रश्न रनिंग किती हा नव्हताच. "सर, गाडी फिरली कुठं?"

"पुणे. दर शनिवारी पुणे, रविवारी रात्री परत."

चाचांचा चेहरा जरा सैल झाला. हायवेवर टॉप गिअरमध्ये धावलेले लाख किलोमीटर या गिअरबॉक्सला पचतात, शहरात रखडलेले चाळीस हजार पचतीलच असं नाही. आपण सेकंडहँड गाडी घेताना फक्त आकडा बघतो, आणि चाळीस हजारवाली 'लेडी डॉक्टर ड्रिव्हन' दिसली की खूश होतो. (लेडी डॉक्टरांनी राग मानू नये.)

मग गंजगोलाई. संध्याकाळी सात वाजता गाडी तिथं नेणं म्हणजे तिचं एमआरआय काढणं. अर्धा तास हातगाडे, रिक्षा, साड्यांच्या पिशव्या यांच्यामधून आम्ही सरकत होतो. धक्का नाही, थरथर नाही, मागे घेताना कुरकूर नाही. मी मनातल्या मनात पेढे वाटले.

परत आल्यावर चाचांनी बॉनेट उघडून इंजिन गार होऊ दिलं आणि कूलंटच्या डबीत टॉर्च मारला. आत चहा. म्हणजे रंग चहाचा, आणि कडेला पांढरी खपली.

"बोअरचं पाणी?"

सर ओशाळले. "२०१६ ला इथं प्यायला पाणी नव्हतं हो. मिरजेहून रेल्वेनं यायचं. गाडीला कूलंट कोण आणणार? मग तीच सवय लागली."

यावर काय बोलणार? त्या एप्रिलमध्ये मीही त्या वॉटर ट्रेनच्या बातम्या वाचत होते. पण बोअरच्या जड पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत घट्ट बसतात आणि छोट्या टर्बो इंजिनाला तापायला तेवढं कारण पुरतं. त्यात सर्व्हिस बुकात साठ हजारांपासून पंच्याण्णव हजारांपर्यंतची पानं कोरी. "बाहेर करून घेतली," सर म्हणाले. बाहेर म्हणजे कुठं, ते त्यांनाही नीट आठवेना.

टायमिंग चेनचा निकाल सकाळी लागणार होता. ही चेन सैल झाली तर गार इंजिन सुरू करताना एक-दोन सेकंद खडखडते, गरम असताना गप्प. आम्ही सहाला परत गेलो. चाचांनी चावी मागायच्या आधी बॉनेटवर हात ठेवला. गार. (गरम असतं तर आम्ही तसेच नांदेडला निघणार होतो.) सेल मारला. आवाज नाही.

परतीला चाचांच्या ८०० मध्ये चाकूरपर्यंत कुणी बोललं नाही. मी हिशेब करत होते. रेडिएटर, होज, थर्मोस्टॅट, हे निभतं. मेकॅट्रॉनिक गेलं तर एका झटक्यात लाखाच्या पुढे. एफडीतून गाडी येते, गाडी आणि मेकॅट्रॉनिक येत नाही. शिवाय पंपावर आता ई२० पेट्रोल, आणि ही गाडी त्याच्या कितीतरी आधीची. म्हणजे आपल्याच भागातल्या उसाचं इथेनॉल तिचे रबरी पाइप खाणार की काय, हा प्रश्न वेगळाच.

शिरूर ताजबंदला चहा घेताना सरांचा मेसेज आला : 'तीन वीस. फायनल.'

"चाचा, काय करू?"

"मुलगी दाखवली, पत्रिका बाकी आहे," ते म्हणाले आणि माझ्या बशीतलं बिस्कीट उचललं.

पत्रिका म्हणजे स्कॅनर. शुक्रवारी सर गाडी घेऊन नांदेडला येतायत. मेकॅट्रॉनिकचे फॉल्ट कोड कोरे निघाले तर तीन वीस, आणि मी एफडी मोडणार. एक जरी कोड निघाला तर आईची स्कूटी आहेच, नाहीतर लालपरी.