परक्यांच्या ओसरीवर

आमच्या भाच्यास वैद्यकाच्या शिक्षणासाठीं फिलिपाईन्समधील दवाओ शहरीं पाठवावयाचें ठरलें, तेव्हां त्याच्या आईस काळजी होती ती खाण्याची. महाराष्ट्रांतील पुष्कळ मुलें हल्लीं तिकडे जातात, तेव्हां ही काळजी घरोघर असेल. मला चिंता होती ती त्याच्या वागण्याची. म्हणून निघण्यापूर्वीं मीं त्यास येथील डॉ. कोटणीसांच्या स्मारकांत नेलें. १९३८ सालीं चीनला गेलेले हे सोलापूरचे डॉक्टर तेथील भाषा शिकले, त्यांनीं तेथेंच संसार मांडला आणि १९४२ सालीं तेथेंच देह ठेविला. भाचा नुसता हंसला.

महिन्याभरानें त्यानें कळविलें, "मामा, घरमालकीणबाई आतां मला जेवावयास हांक मारीत नाहींत." खोदून विचारतां समजलें कीं, पुढें आलेलें डुकराचें मांस पाहून चिरंजीवांनीं चारचौघांदेखत नाक मुरडलें होतें! मांस न खाण्यांत कांहींच गैर नाहीं. हंसून 'मला चालत नाहीं' म्हटलें असतें तर भागलें असतें. पण 'हिया', म्हणजे चारचौघांतील लाज, ही त्या लोकांत फार मोठी गोष्ट. भाचा क्षमा मागावयास गेला, तर बाई 'कांहीं नाहीं' एवढेंच म्हणाल्या. त्यांनीं रागें भरल्या असत्या तर बरें झालें असतें.

वास्तविक तेथील रीत आपणांस परकी वाटण्याचें कारणच नाहीं. जेवतांना कोणी आलें कीं आपण 'या जेवायला' म्हणतों. तेहि म्हणतात, आणि आलेल्यानें प्रथम 'माझें झालें' म्हणावें हेंहि दोन्हीकडे ठरलेलें. आग्रह झाला तर मात्र बसावें. पादत्राणें दाराशीं काढावीं. वडिलांचा हात घेऊन आपल्या कपाळीं लावणें यास 'मानो' म्हणतात. तो आपला नमस्कारच. तागालोग भाषेंत वडिलांशीं बोलतांना 'पो' हा आदराचा शब्द जोडतात. दवाओकडील सेबुआनो बोलींत तो मूळचा नाहीं, पण तेथेंहि तो सर्वांस समजतो. बोट वांकवून मात्र कोणास बोलावूं नये. तसें तेथें कुत्र्यास बोलावितात.

प्रवासाहून परततांना घरच्यांसाठीं कांहीं आणावें, त्यास ते 'पासालुबोंग' म्हणतात. सुटीनंतर भाचा निघाला तेव्हां त्याच्या पेटींत सोलापुरी चादर आणि शेंगांच्या चटणीचा डबा होता. बाईंनीं चटणी भातावर घेतली, डोळ्यांस पाणी आलें, तरी पुन्हां घेतली. दुसऱ्या दिवशीं स्वयंपाकघरांतून हांक आली. मांसाचें भांडें आतां टेबलाच्या दुसऱ्या टोकास असतें.