ड्रोनचे शिक्षण : पदवी कोणाची, काम कोणाचे?

मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेसने आम्ही बंगळूरला गेलो, ते संघटनेच्या कामासाठी नव्हे. आमच्या शाखेतील एका ट्रॅकमनच्या मुलाने तिथे डिप्लोमा पुरा केला होता आणि आता त्याला ड्रोन व मानवरहित यंत्रणा ह्या विषयाची पदवी घ्यायची होती. खाजगी कॉलेजने फीचा आकडा सांगितला आणि बापाची झोप उडाली. "भाऊ, फंडातून पैसे काढू की नको? तुम्ही एकदा बघून या," असे तो म्हणाला. आम्ही स्वतः मॅट्रिक. पण तीस वर्षे रुळावर काढलेला माणूस विचारतो आहे म्हटल्यावर नाही म्हणवेना.

मुलगा आम्हांला आधी कॉलेजात न नेता चिकपेटेत घेऊन गेला. शहाजीराजांच्या जहागिरीतले हे जुने बंगळूर. कापडाची दुकाने, अरुंद गल्ल्या, अधूनमधून कानावर पडणारी आपली मराठी. तिथून चालत एस. पी. रोडवर गेलो की इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा बाजार लागतो. मोटारी, पंखे, बॅटऱ्या, सर्किट बोर्ड हे सारे किराणा मालासारखे मांडलेले. मुलाने एक मोटर तळहातावर ठेवून दाखवली. चार मोटारींचा वेग कमीजास्त करून यंत्र वळते आणि तोल सांभाळते. हिशेब मधला छोटा संगणक सेकंदाला शेकडो वेळा करतो. "काका, उडवायला डिग्री लागत नाही. बनवायला आणि बिघडलं तर का बिघडलं ते कळायला लागते," असे तो म्हणाला. फीबद्दल विचारायला गेलेल्या आम्हांला हे वाक्य फार उपयोगी पडले.

उडवण्याबद्दल तो म्हणाला ते खरेच आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे चालकाचे प्रमाणपत्र घ्यायला दहावी पास असणे पुरते. वय १८ ते ६५ आणि मान्यताप्राप्त संस्थेचे प्रशिक्षण हवे. म्हणजे ह्या लेखाचा लेखकही अजून पात्र आहे! आकाशाचे विभागही लाल, पिवळा, हिरवा असेच केले आहेत. लालात केंद्र सरकारची परवानगी, पिवळ्यात विमानतळाच्या नियंत्रकाची, हिरव्यात ठराविक उंचीपर्यंत मोकळीक. सिग्नल पाळण्यात हयात घालवलेल्या आपल्या माणसांना हे वेगळे शिकवावे लागणार नाही.

मग प्रश्न पडतो, रेल्वेतले ड्रोन उडवणार कोण?

रेल्वे सुरक्षा दलाने २०२० साली जाहीर केले की, मध्य रेल्वे, दक्षिण पूर्व रेल्वे, दक्षिण पश्चिम रेल्वे आणि रायबरेलीचा डबे कारखाना ह्यांच्यासाठी ३१.८७ लाख रुपयांना नऊ ड्रोन घेतले आहेत. बंगळूर हे दक्षिण पश्चिम रेल्वेतच येते. त्याच निवेदनात असेही म्हटले होते की, आठ-दहा जवानांनी सांभाळायचा परिसर एक ड्रोन कॅमेरा पाहू शकतो. प्रशासनाने हे कौतुकाने लिहिले. आम्ही ते काळजीने वाचले. एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. तेथे दलाच्याच १९ जणांना शिकवले गेले. काम खात्यातच राहिले. आमचा आग्रह नेमका हाच आहे.

टपालातल्या साथींनी हसून सोडून देऊ नये. मे २०२२ मध्ये कच्छमध्ये भुज तालुक्यातील हबाय गावाहून भचाऊ तालुक्यातील नेर गावी टपालाचे पार्सल ड्रोनने गेले, ४६ किलोमीटर, २५ मिनिटांत. आपल्या कर्जत-माथेरानलाही अशी चाचणी झाली आहे. डोंगरातल्या वाडीला औषध लवकर पोचत असेल तर त्याला विरोध करणारे आम्ही कोण? पण पत्र कोणाच्या हाती द्यायचे, मनीऑर्डर घेणारी म्हातारी खरीच तीच आहे का, हे ग्रामीण डाकसेवकच ओळखतो. तेव्हा यंत्र आले म्हणून त्याचे तास कमी करू नयेत.

रुळाबद्दलही दोन शब्द सांगतो, कारण इथे आम्हांला कोणी शिकवायला नको. वरून कॅमेरा रुळाचा वरचा भाग पाहतो. वेल्डिंगच्या आतला तडा त्याला दिसत नाही; त्यासाठी अल्ट्रासॉनिक तपासणीच लागते. सैल झालेली क्लिप कीमन चालत जाऊन हातोड्याने बसवतो. ड्रोन फार तर फोटो देईल. घाटात धो-धो पाऊस पडतो तेव्हा रात्रीच्या पेट्रोलमनची खरी गरज असते, आणि नेमके तेव्हाच हे छोटे यंत्र जमिनीवर बसून राहते. २५ हजार व्होल्टच्या तारेजवळ चूक झाली तर काय होईल ते वेगळे सांगायला नको. उलट, पुरात पूल पाहायला, दरड कोसळल्यावर पलीकडे काय आहे ते कळायला, उंच खांबावर माणूस न चढवता तपासणी करायला ड्रोन हवाच. ज्या कामात आमचा माणूस मरतो तिथे यंत्र आधी आणा, हे आम्ही केव्हाही म्हणू.

म्हणून विद्यापीठात हा विषय शिकवला जावा, आणि रेल्वे-टपाल कामगारांच्या मुलांनी तो जरूर शिकावा. बंगळूरला भारतीय विज्ञान संस्था आहे. विनावैमानिक विमाने करणारी संरक्षण खात्याची प्रयोगशाळा, एडीई, १९५९ पासून तिथेच आहे. १९४० साली विमानाचा कारखाना काढला तो सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी. आणि ठेकेदारीत त्यांचे पहिले भागीदार फाटक हे रेल्वेतले माजी कारकून होते, हे आपल्या लोकांना फारसे ठाऊक नसते. परंतु शिकणे वेगळे आणि नावाला भुलणे वेगळे. त्या खाजगी कॉलेजात आम्ही प्रयोगशाळा दाखवा म्हटले. काचेच्या कपाटात दोन ड्रोन होते. उडवायची जागा कुठे, तर पुढच्या वर्षी होईल. शिकवणारे कायम किती, ह्याचे उत्तर मिळाले नाही. कपाटाला कुलूप होते आणि किल्ली ज्याच्याकडे होती तो रजेवर होता.

आम्ही बापाला स्पष्ट सांगितले : फंडाला हात लावू नको. मुलाने सरकारी कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स किंवा मेकॅनिकलची पदवी घ्यावी. नियंत्रणशास्त्र आणि संगणक नीट शिकावा. ड्रोन त्यातूनच होतो. मुलगा थोडा नाराज झाला. बापाने फंडाचा अर्ज परत घेतला.

प्रशासनाकडे आमची मागणी अशी की, ड्रोनचे काम ठेकेदाराला न देता इच्छुक ट्रॅकमेंटेनर, सिग्नल खात्यातील कर्मचारी आणि टपाल कर्मचारी ह्यांना पगारी रजेवर प्रशिक्षण द्यावे, प्रमाणपत्राचा खर्च खात्याने करावा, आणि ड्रोन आला म्हणून पेट्रोलिंगचे एकही पद रद्द करू नये. शाखा सचिवांनी आपापल्या विभागात ड्रोनचे काम सध्या कोण करतो, खात्यातला माणूस की ठेकेदाराचा, ते लेखी कळवावे. पुढच्या बैठकीत हा विषय घ्यायचा आहे आणि तेव्हा हातात कागद हवेत.