विश्लेषण : कुणी बटण न दाबताच दिवा लागतो… ‘स्मार्ट’ घरात खोटे संकेत येतात कुठून?

नागपूरचा पारा ४५ अंशांच्या घरात गेला की कूलर, एसी आणि पाण्याचे पंप एकाच वेळी धावू लागतात आणि वीज ये-जा करते. मोबाइलवरून दिवे-पंखे चालवणाऱ्या ‘स्मार्ट’ घराची खरी परीक्षा याच दिवसांत होते. रात्री दोनला दिवा आपोआप लागतो, रिकाम्या खोलीत हालचाल असल्याचा इशारा येतो. आधी ‘हॅकर’चा संशय येतो, मग कंट्रोलर बदलला जातो आणि काही दिवसांनी तेच पुन्हा घडते. कारण दोष अनेकदा कंट्रोलरमध्ये नसून त्याच्या भोवताली असतो.

यूएसबी कंट्रोलर नेमके काय करतो?

पेनड्राइव्हएवढी ही वस्तू संगणकाला किंवा ‘रास्पबेरी पाय’सारख्या छोट्या संगणकाला जोडली जाते. सॉफ्टवेअरचा आदेश ती रेडिओ लहरींद्वारे दिव्यांपर्यंत पोहोचवते आणि सेन्सरचे संदेश संगणकाला देते. झिगबी यंत्रणा बहुतांश २.४ गिगाहर्ट्झवर, म्हणजे वायफायच्याच पट्ट्यात चालते. भारतासाठीची झेड-वेव्ह ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपास, तर स्वस्तातले अनेक रिमोट-स्विच ४३३ मेगाहर्ट्झवर चालतात.

ही डोकेदुखी नवी आहे का?

नाही. स्कॉटलंडमधील पिको इलेक्ट्रॉनिक्सने १९७५ मध्ये विकसित केलेल्या ‘एक्स-१०’ यंत्रणेत घरातील विजेच्या तारांमधूनच आदेश जात. घरासाठी १६ आणि उपकरणासाठी १६ संकेतांक, म्हणजे एकूण पत्ते २५६. एकाच ट्रान्सफॉर्मरवरील शेजाऱ्याने तोच घर-संकेतांक निवडला, तर त्याच्या बटणाने इकडचा दिवा लागू शके. आदेश कुणी पाठवला, हे तपासण्याची सोय नव्हती. ठरावीक कोड पाठवणाऱ्या ४३३ मेगाहर्ट्झच्या रिमोटमध्ये हाच कच्चा दुवा आजही आहे.

मग झिगबीच्या घरात असे का होते?

झिगबीचा प्रत्येक संदेश कूटबद्ध असतो आणि तो वाटेत बिघडला का, हेही तपासले जाते. कूलरच्या मोटारीच्या गोंगाटाने आदेश हरवू शकतो. खोटा आदेश तयार होणे जवळपास अशक्य. त्यामुळे कारण दुसरीकडे शोधावे लागते.

पहिला संशयित वीज. अनेक स्मार्ट बल्ब वीज परतताच आपोआप उजळतात, कारण कारखान्यातून येताना त्यांची सेटिंग तशीच असते. रात्री दोनला क्षणभर वीज गेली की झोपेतल्या माणसाला तो ‘भुताचा’ दिवा वाटतो. दुसरा संशयित तारा. स्विचकडून येणारी लांब तार मुख्य वाहिनीसोबत एकाच पाइपातून गेली, तर तिच्यात थोडा विद्युतदाब निर्माण होतो आणि बंद स्विच चालू भासतो. यूएसबी रिले-बोर्डाची मोकळी सोडलेली इनपुट पिनही अशीच फसते; तिला १० किलो-ओहमचा रेझिस्टर जोडला की बहुधा ती शांत होते. तिसरा संशयित घरातलीच माणसे. जुन्या फोनमधले अ‍ॅप किंवा कुणीतरी बनवून विसरलेला वेळापत्रकाचा नियम मुकाट काम करत राहतो.

यूएसबी पोर्टचा दोष किती?

यूएसबी ३.० पोर्ट आणि त्याला जोडलेली हार्डडिस्क २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करतात, हे इंटेलने २०१२ मध्येच दाखवून दिले. त्याने सेन्सरचे संदेश गळतात. दार बंद झाल्याचा निरोप पोहोचला नाही, तर पडद्यावर दार तासभर उघडेच दिसते. यावर उपाय स्वस्त आहे. कंट्रोलर यूएसबी २.० पोर्टमध्ये, मीटरभर लांबीच्या एक्स्टेन्शन केबलने, राउटर आणि हार्डडिस्कपासून दूर ठेवावा.

नागपूरच्या उन्हाळ्यात वेगळे काय?

हालचाल टिपणारे नेहमीचे सेन्सर उष्णतेतील फरक ओळखतात. झळ, हलणारा पडदा किंवा थेट ऊन यांनी ते फसतात. खोलीच ३७ अंशांजवळ गेली, तर माणूस आणि भिंत यांतला फरक पुसट होऊन खरी हालचालही सुटू शकते. दुसरी बाब अर्थिंगची. काळी माती वाळून आकसते, भेगाळते आणि अर्थिंग कमकुवत होते. संगणकाच्या पत्र्याला हात लावताच मुंग्या येत असतील, तर यंत्र बदलण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यावे.

शोध कुठून सुरू करावा?

नोंदवहीतून. ‘होम असिस्टंट’सारख्या सॉफ्टवेअरमध्ये दिवा कोणत्या वेळी आणि कशामुळे लागला, याची नोंद सापडते. तिथे नियमाचे नाव असेल तर यंत्र निर्दोष. नोंद वीज परतल्याच्या वेळेशी जुळली तर बल्बची सेटिंग बदलावी. काहीच जुळत नसेल तर एकेक उपकरण काढून दोन-दोन दिवस पाहावे. सगळे एकदम बदलले की दोष गेला तरी कारण कळत नाही.

यात एवढे गंभीर काय?

नुसता दिवा लागला तर झोपमोड होते. पण कुलूपबंद घरात टाकी रिकामी असताना पंप सुरू राहिला तर तो जळू शकतो; गीझर सुरू राहिला तर धोका आणखी मोठा. मुले पुण्या-बेंगळुरूत आणि आई-वडील नागपुरात एकटे, अशा घरांत तर सेन्सर हाच सोबती ठरतो. ‘लांडगा आला रे आला’ अशी हाक रोज आली, की खऱ्या इशाऱ्याकडेही दुर्लक्ष होते.

म्हणून खोटा संकेत कधी येणारच नाही, असे आश्वासन विकत घेण्यात अर्थ नाही. तो आला तरी नुकसान होणार नाही, अशी मांडणी मागायला हवी. पंप आणि गीझरला स्वतंत्र टायमर व हाताने बंद करता येणारा स्विच, अर्थिंग तपासल्याची लेखी नोंद आणि घरातल्या सर्व नियमांची यादी, एवढे हातात आल्याशिवाय ग्राहकाने यंत्रणा बसवणाऱ्याचे शेवटचे बिल चुकते करू नये.