एका कलमाची वंशावळ



कुलमुखत्यारपत्र म्हणजे काय, हे तुमच्यापैकी पुष्कळांना वकिलाने समजावून सांगण्याची गरज उरलेली नाही. तुम्ही ते सोसून शिकला आहात. महार वतनाची जमीन जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून विकता येत नाही. म्हणून तिच्यावर डोळा ठेवणारा मनुष्य खरेदीखत मागत नाही. तो 'कधीही रद्द न होणारे' मुखत्यारपत्र मागतो. नारायण पेठेतील माझ्या कचेरीत असाच एक कागद घेऊन एक वृद्ध माउली आल्या होत्या. शेजारच्या बड्या खातेदाराने भाऊबंदांच्या अतिक्रमणापासून त्यांचा बांध राखून दिला होता. मोबदला म्हणून त्यांनी अंगठा दिला होता. मी कागद वाचला. पैशाचे कलम पुष्कळ खाली होते. पहिलेच कलम असे की, या जमिनीविषयी बाईंनी यापुढे त्या गृहस्थाखेरीज अन्य कोणाशीही बोलणे अथवा व्यवहार करू नये.

"साहेब, त्यानं बांध राखला," त्या म्हणाल्या. "मग दुसऱ्याशी बोलायचं कारण काय, असं वाटलं मला."

त्यांना जसे वाटले, तसेच राजांनाही वाटले आहे आणि त्यांची राज्ये बुडाली आहेत. उदयाला येणारी सत्ता शेजाऱ्याची भूमी प्रथम घेत नाही. ती प्रथम त्याची जीभ घेते. 'तुझे रक्षण मी करीन, मात्र तिसऱ्याशी बोलणे माझ्यामार्फत' हे ते कलम होय. ते कोठे जन्मले आणि कोणाकोणाच्या घरी वाढले, हे आज तुमच्यापुढे मांडावयाचे आहे. कारण या विषयावर आपल्याकडे जे बोलले जाते, त्यातील बरेचसे एकतर्फी आहे. आपणही त्या दोषापासून मुक्त नाही.

नारायण पेठेत मोदी गणपतीचे देऊळ आहे. ज्या खुश्रुशेट मोदींच्या बागेवरून त्याला हे नाव पडले असे सांगतात, ते पारशी गृहस्थ पुण्यातील इंग्रज रेसिडेंटाच्या पदरी होते. रेसिडेंटाची वस्ती मुळा-मुठेच्या संगमावर असे. १७८६ साली मॅलेट हा पहिला रेसिडेंट आला, तेव्हा पुण्याचा दरबार हिंदुस्थानातील अव्वल सत्तांपैकी एक होता आणि संगमावरचा इंग्रज हा केवळ एक परका वकील होता. (त्या काळी वकील म्हणजे परदरबारी पाठविलेला प्रतिनिधी, कोर्टात उभे राहणारे आमच्यासारखे नंतरचे.) पुढे पंचवीसएक वर्षांत काळ असा फिरला की, रेसिडेंटाच्या पदरी असलेल्या या मोदींनाच दुसऱ्या बाजीरावाने कर्नाटकाची सरसुभेदारी दिली. एकच मनुष्य दोन्ही दारचे मीठ खातो आहे, हे दरबाराला खटकले नाही. खटकले ते रेसिडेंट एल्फिन्स्टनला. त्याने मोदींना एकच चाकरी निवडावयास लावली. १८१५ साली मोदींचा विषप्रयोगाने अंत झाला. दुसऱ्याच्या राजधानीत आपला प्रभाव बसतो तो असा, भाषा जाणणाऱ्या आणि कामाला येणाऱ्या माणसांच्या मार्फत.

परंतु माणसे ही नुसती वाट होती. दार उघडले ते कागदाने. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. बाजीराव पळाला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईस त्याने कंपनीशी तह केला. त्या तहाने सहा हजार पायदळ पेशव्याच्या मुलखात कायमचे राहावयाचे होते. त्याच्या खर्चासाठी सव्वीस लाखांचा मुलूख तोडून द्यावयाचा होता. इंग्रजांशी वैर असलेल्या राष्ट्रांचे युरोपियन चाकरीस ठेवावयाचे नव्हते. निजाम आणि गायकवाड यांच्याशी असलेल्या तंट्यांत कंपनीचा निवाडा मानावयाचा होता. आणि कंपनीला आगाऊ कळविल्यावाचून, तिच्याशी विचारविनिमय केल्यावाचून, अन्य कोणत्याही सत्तेशी बोलणे सुरू करावयाचे नव्हते. सहा हजार शिपाई आणि सव्वीस लाख रुपये सर्वांना दिसले. हे शेवटचे कलम मात्र, त्या माउलींच्या कागदासारखे, कोणाच्या डोळ्यांत भरले नाही.

त्या कलमाने काय केले, हे पाहावयास याच पेठेतील दुसऱ्या वास्तूपाशी चला. आज जो केसरीवाडा म्हणून प्रसिद्ध आहे, तो मूळचा गायकवाडवाडा. टिळकांनी तो १९०५ साली घेतला. बडोद्याचे गायकवाड हे पेशव्यांचे सरदार. त्यांच्याकडून येणे असलेल्या बाकीचा हिशेब म्हणजे घरातला हिशेब. परंतु वसईच्या तहानंतर तो घरातला राहिला नाही. बडोद्याचे कारभारी गंगाधरशास्त्री वाटाघाटीस आले ते कंपनीच्या हमीवर आले, आणि २० जुलै १८१५ रोजी पंढरपुरास त्यांचा खून झाला. तेव्हा फिर्यादी म्हणून कंपनीच उभी राहिली. संशय त्रिंबकजी डेंगळ्यांवर होता. त्यांना कंपनीच्या स्वाधीन करावे लागले. १३ जून १८१७ च्या पुण्याच्या तहाने पेशव्याने मराठी सरदारांवरील आपले प्रमुखपण सोडले आणि गायकवाडांवरील जुन्या बाकीच्या बदल्यात वर्षाला चार लाखांवर समाधान मानले. परदरबारी वकील ठेवणे नाही, परदरबारचे वकील घेणे नाही, हेही त्यातच आले. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली खरी. तथापि कागदावर पेशवाई पाच महिन्यांपूर्वीच संपली होती.

साताऱ्याचा कागद तर याहून स्पष्ट. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने प्रतापसिंह महाराजांना गादी मिळाली. अट अशी की, आपल्या प्रजेबाहेरच्या कोणाशीही त्यांनी पत्रव्यवहार करू नये. सोयरीक जुळवावयाची झाली तरी ती बोलणी इंग्रज एजंटामार्फतच व्हावीत! हे कलम तहाचा पाया आहे, ते मोडल्यास सारे लाभ जातील, असेही त्यात लिहून ठेवले. १८३९ साली महाराजांना पदच्युत केले, त्या वेळी आरोप काय होते? बाहेरच्यांशी संधान बांधल्याचे. १८४८ साली राज्य खालसा झाले.

येथवर वाचून नारायण पेठेतील पुष्कळ वाचनालयांत माना डोलतील. कंपनी कपटी होती, हे तेथे शंभर वर्षे शिकविले जात आहे. परंतु त्याच कपाटात, शेजारच्याच फळीवर, अटकेपार झेंड्याची पुस्तके गौरवाने मांडलेली असतात. त्या झेंड्याखाली कोणता कागद होता, हे कोणी विचारीत नाही. तो कागद होता चौथाईचा. शेजाऱ्याच्या वसुलाचा चौथा हिस्सा, शिवाय सरदेशमुखीचे शेकडा दहा. १७१९ साली बादशाही सनदांनी दक्षिणेच्या सहा सुभ्यांवर हा हक्क मिळाला. १७२८ साली पालखेडनंतर मुंगी-शेवगावच्या तहाने निजामालाही तो मानावा लागला. ही रक्कम कशाबद्दल? उघड भाषेत सांगावयाचे तर, आमची फौज तुमच्यावर येऊ नये याबद्दल. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या स्वाऱ्यांनी १७४२ पासून बंगाल भाजून निघाला. १७५१ साली अलीवर्दीखानाने वर्षाला बारा लाख कबूल केले आणि ओरिसाचा वसूल सोडला. बंगालमधील आया आजही लेकरांना निजविताना बारगीर येतील अशी भीती घालतात. ते बारगीर आपल्याच मुलखातले होते. जयपूरचा राजा ईश्वरीसिंह याने १७५० साली मल्हारराव होळकरांची फौज खंडणीसाठी चालून येताच विष घेतले. आमच्या शाळेच्या पुस्तकात त्याचे नावही नव्हते.

मग वसईच्या तहाला विश्वासघात म्हणणाऱ्यांनी चौथाईला काय म्हणावयाचे? पराक्रम? पुण्याने शेजाऱ्यांशी जे केले, तेच कंपनीने अधिक व्यवस्थित कागद करून पुण्याशी केले. फरक एवढाच की, चौथाई घेणारा रक्षणाची हमी क्वचितच पाळीत असे, आणि कंपनी ती इतकी काटेकोर पाळी की रक्षिलेला पुन्हा उभा राहू नये. आणि दोन्ही बाजूंचे पैसे भरले कोणी? ना निजामाने, ना पेशव्याने. भरले ते कुळाने, आणि गावकुसाबाहेर राहून त्याच्या शेतावर राबणाऱ्याने.

आता आपल्याविषयी बोलू. कटू लागले तरी ऐका. कोरेगाव येथे १ जानेवारी १८१८ रोजी कंपनीच्या पलटणीत लढलेल्या पूर्वजांचा अभिमान आपण बाळगतो, आणि तो रास्त आहे. त्यांनी शौर्य दाखविले ते ज्यांना माणूस म्हणून गणले जात नव्हते त्यांनी दाखविले. परंतु त्या अभिमानातून आपल्यातले काही जण कंपनीलाच उद्धारकर्ती समजू लागतात. ही चूक आहे. त्याच सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात महारांची लष्करभरती बंद केली. गरज सरली, तसा हात सुटला. निवृत्त शिपायांसाठी गोपाळबाबा वलंगकरांना अर्जावर अर्ज खरडावे लागले. वाढणाऱ्या सत्तेचा मित्र होणे ही गोष्ट वेगळी आणि तिच्या उपयोगी पडणे ही वेगळी.

हे कलम इंग्रजांबरोबर विलायतेस परत गेले, अशी कोणाची समजूत असेल तर ती सोडावी. १९१० च्या पुनाखाच्या तहाने भूतानने परराष्ट्रसंबंधात ब्रिटिश सरकारच्या सल्ल्याने चालण्याचे मान्य केले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी दार्जिलिंगला स्वतंत्र भारताने भूतानशी तह केला, त्याच्या दुसऱ्या कलमात तेच वाक्य आहे. फक्त 'ब्रिटिश' शब्द गेला. डिसेंबर १९५० मध्ये सिक्कीमशी झालेल्या तहात त्याचे परराष्ट्रव्यवहार केवळ भारत सरकार पाहील असे ठरले, आणि १९७५ साली सिक्कीम भारताचे राज्य झाले. तेथील चोग्याळांची राजवट लोकशाही नव्हती आणि जनमत घेतले गेले होते, हेही प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. तिकडे २३ मे १९५१ रोजी चीनने तिबेटवर सतरा कलमी करार लादला. त्यातील चौदाव्या कलमाने तिबेटचे सर्व परराष्ट्रव्यवहार पेकिंगकडे गेले. भूतान, सिक्कीम, तिबेट. तिन्ही बौद्ध भूमी, आणि तिघांच्याही कागदात तेच एक कलम!

बाबासाहेबांच्या नजरेतून ते सुटले नव्हते. २६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत त्यांनी, ल्हासा चीनच्या हाती जाऊ दिल्याने त्याची सरहद्द आपल्या दाराशी आली, अशी टीका केली. त्याच वर्षी २९ एप्रिलला झालेल्या करारात 'पंचशीला'चा गजर झाला होता. पंचशील हा बौद्ध धर्माचा गाभा आहे. माओंचा त्यावर विश्वास असता तर त्यांनी आपल्याच देशातील बौद्धांना वेगळ्या रीतीने वागविले असते, असे ते म्हणाले. आपल्या धर्माचा शब्द करारावर कोरलेला पाहून आपण हुरळून जातो. ते गेले नाहीत. हे आजही ध्यानी असू द्या. २०२२ साली भगवंतांचे पवित्र धातू मंगोलियास आणि २०२४ साली थायलंडला भारत सरकारने दर्शनार्थ पाठविले. तेथील उपासकांची श्रद्धा खरीच आहे. पण धातूंच्या मागोमाग कोणता करार निघाला, हे विचारणे म्हणजे अश्रद्धा नव्हे.

श्रीलंकेने २०१७ साली हंबनटोटा बंदर नव्याण्णव वर्षांच्या पट्ट्याने चिनी कंपनीला दिले, तेव्हा आपल्या वृत्तपत्रांनी त्याला योग्य शब्दांत सापळा म्हटले. परंतु २०१५ साली नेपाळने नवी राज्यघटना स्वीकारल्यावर सरहद्दीवर पेट्रोल आणि गॅसच्या गाड्या महिनोन् महिने अडल्या, तेव्हा त्याच लेखण्या कोठे होत्या? भारत सरकारने नाकेबंदी केल्याचे नाकारले. परंतु भूकंपाने मोडलेल्या घरांत त्या हिवाळ्यात ज्यांची चूल पेटली नाही, त्यांना त्या नकाराचा काय उपयोग? परिणाम असा झाला की, मार्च २०१६ मध्ये नेपाळने मालवाहतुकीचा करार चीनशी केला. लुंबिनीच्या यात्रेला जाल तेव्हा तेथील दुकानदाराला या दिवसांविषयी विचारा.

भारत मोठा होतो आहे, म्हणून शेजाऱ्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहून बोलावे, असे म्हणणारे आता आपल्या वस्तीतही भेटतात. ज्यांना पाटलासमोर मान खाली घालून उभे राहावे लागत होते, त्यांच्या नातवंडांच्या तोंडी ही भाषा शोभत नाही. आणि ती अपरिहार्यही नाही. २००७ साली भारत आणि भूतान यांनी जुना तह बदलला. सल्ल्याने चालण्याचे ते वाक्य काढून टाकले. त्याच्या जागी लिहिले की, दोघांपैकी कोणतेही सरकार आपली भूमी दुसऱ्याच्या सुरक्षिततेला आणि हिताला बाधक कृत्यांसाठी वापरू देणार नाही. हे बंधन लहानावर आहे आणि मोठ्यावरही आहे. हे वाक्य लिहिता येते, हे अट्ठावन्न वर्षांनी का होईना, सिद्ध झाले. नेपाळशी झालेल्या १९५० च्या तहाची फेरतपासणी दीर्घकाळ रेंगाळली आहे. तेथे ते लिहिण्याची मागणी आपण का करू नये?